एरंडाच्या औषधाची वाट पाहू नये म्हणून

मी, तुळशीराम नारायणराव उमाळे, वय एकोणसाठ, पूर्वी मुंबईस प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ, आता राहणार सोनाळा, जिल्हा बुलढाणा, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे आणि हे लिहिण्यास मला कोणी भरीस घातलेले नाही.

कलम १. राहते घर धाकटा भाऊ रामराव यास. माझी पत्नी कोकिळा हिच्या दहाव्याला तो चारचौघांत म्हणाला, "एवढा शिकला, पन घरच्या बाईले नाही वाचवलं." बोलला ते खरे होते, पण त्या दिवशी बोलायचे नव्हते. घर तरीही त्याचेच.

कलम २. माझ्या अकरा वह्या प्रयोगशाळेत माझ्या जागी आलेल्या सिंधूताई यांस. एरंडाच्या बीतले विषारी प्रथिन पेशी मारते. कर्करोगाची पेशी ओळखून तिला चिकटते ते प्रतिपिंड. या दोघांना जोडणारा रासायनिक सांधा करण्यात माझी नऊ वर्षे गेली. तो रक्तात टिकावा आणि पेशीत शिरल्यावरच सुटावा. माझा रक्तातच सुटायचा. घट्ट केला की कुठेच सुटेना. सहाव्या वहीत सगळ्या चुका आहेत, त्या आधी वाचाव्यात.

कलम ३. बांधावरचा एरंड तोडू नये. त्याच्या बिया कोकिळा स्वतः निवडून, पिशवीत शिवून मला पाठवायची. दर दिवाळीला विचारायची, "कवा होते औषध?" मी ऐटीत सांगायचो, दोन वर्षांत. तिने छातीतली गाठ दाखवली तेव्हा ती काखेपर्यंत गेली होती. मी विचारले, काऊन लपवली?

"लपवली नाही जी. तुमचं औषध होऊनच राह्यलं व्हतं. म्हनलं, झालं की सांगीन. दुसऱ्याचं काऊन घ्या?"

हे लिहिताना मी रडलो. साक्षीदारांनी पाहिले आहे.

कलम ४. दोन एकर शेत भावजय झुंबरबाई हिच्या ताब्यात राहील. गावातल्या कोणाही बाईला गाठ लागली, तर शेताच्या उत्पन्नातून तिला त्याच आठवड्यात अकोल्याच्या दवाखान्यात न्यावे. बाई नाही म्हणाली तरी ऐकू नये. झुंबरबाईचा आवाज या कामाला पुरेसा आहे.

कलम ५. गावातल्या बायका अजून मला औषधाचे विचारतात. म्हणून माझ्या तेरवीला, पंगत बसण्यापूर्वी, रामरावाने त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावे: तुळशीरामचे औषध झालेले नाही. दोन वर्षांचे त्याने आपल्या मनाने सांगितले होते. कोणीही वाट पाहू नये.

सही: तुळशीराम नारायणराव उमाळे
आमच्यादेखत सही केली: महादेवराव खोंड, कडूबा तायडे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा
सोनाळा, ११ फेब्रुवारी १९७९