निग्रह, पाच नग

आणि माझ्यात निग्रह नाही हे जे दाजींनी तुझ्याकडून पुन्हा लिहवून घेतलंय (अक्षर तुझं असलं तरी हा शब्द तुझा नाही, त्यांच्या कीर्तनातला आहे), ते साफ खोटं आहे. माझ्याकडे निग्रह होता. चांगला पाच नग होता. तो कुठे गेला तेच सांगायला बसलोय.

कमलताई, नमस्कार. हा वर लिहायचा, पण आधी राग आला. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कट्ट वाजतो का? मनस्वीची परीक्षा संपली असेल. दाजी बरेच असणार. मी फोन करत नाही म्हणून रुसू नको, तुला केलेला फोन दाजी उचलतात आणि मग मला पिठाच्या गिरणीबद्दल ऐकावं लागतं. झाशीत एक वर्ष टिकलो तर मी मोकळा, मधेच पळालो तर भुसावळला त्यांच्या गिरणीत, त्यांच्या डोळ्यांसमोर दळत बसायचं, हे ठरलेलं मी विसरलो नाही. तीन वर्षांत सहा कामं सोडली हेही कबूल (बेकरी धरली तर सात, पण बेकरी मी नाही सोडली, ती जळाली). वर्ष भरायला आता एकोणीस दिवस राहिलेत.

तर गेल्या रविवारी आमच्या टेंट हाउसला बबीना रोडच्या मॅरेज गार्डनचं काम होतं. लग्न नव्हतं. दिल्लीची तीस-एक शिकलेली माणसं राजवाडा-राजवाडा खेळायला आली होती. हसू नको. नाटकासारखंच असतं, फक्त बघणारा कोणी नाही आणि कोणाचं काही पाठ नाही. कोणी राणी, कोणी प्रधान, कोणी चेटकीण, तलवारी फोमच्या. आपले आबासाहेब (दाजींच्या मावशीचे दीर, आमचे मालक) मला जनरेटरपाशी सोडताना म्हणाले, ते लोक सांगतील ते मुकाट कर. मी तेच केलं, एवढं लक्षात ठेव.

त्यांचा द्वारपाल होणाऱ्या माणसाची गाडी चुकली. खेळ चालवणाऱ्या ईशानी मॅडम माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, भैया, आप बन जाइए. भाला दिला, आणि पाच निळे मणी दिले. हे तुमचं मनोबल. (मी विचारलं, म्हणजे निग्रह? त्या म्हणाल्या, हां, वही.) कोणी लाल पत्ता दाखवून हुकूम सोडला की तो ऐकावाच लागतो. ऐकायचा नसेल तर एक मणी त्याच्या हातात ठेवायचा. त्या मण्याचा नकार पाऊण तास चालतो. मणी संपले की कोणीही यावं आणि तुम्हाला वळवून न्यावं. गेलेला मणी परत मिळतो, पण आपल्या स्वभावाला धरून वागलं तरच. स्वभाव एका कार्डावर लिहून देतात. ताई, हे मला सातवीपर्यंत कोणी असं सांगितलं असतं तर मी आठवीत गेलो असतो.

पहिला मणी मी फुकट घालवला. राजपुत्र म्हणाला बस, आणि मी नाही म्हटलं. पाय दुखत होते तरी नाही म्हटलं, कारण नाही म्हणायला मिळतंय तर म्हणून घ्यावं असं वाटलं. दुसरा चेटकिणीला दिला, ती मला नाचवणार होती. तिसरा अवघड गेला. राणी म्हणाली, हे फाटक सोड, माझ्याबरोबर चल, तुला घोडा देते, रोज नवा मुलूख. मी चार पावलं गेलोसुद्धा. (माझा हा रोग राणीला कसा कळला कोणास ठाऊक.) मग मागे फिरलो आणि मणी दिला.

चारच्या सुमाराला फाटकाबाहेर आबासाहेब उभे. पुतण्याच्या लग्नातून उठून आलेले, डोक्याला फेटा, अंगात अंगरखा, मागे आमचा लोडर, म्हणजे सामानाचा टेम्पो. म्हणाले, "अमित, दिंडी उघड." (मोठ्या फाटकातल्या छोट्या दाराला ते अजून दिंडीच म्हणतात.) ईशानी मॅडमनी बजावलं होतं, गेटवर सख्खे वडील आले तरी ते खेळात आहेत असंच समजायचं. मला वाटलं, आबासाहेबही खेळायला आले, या वयात! भरून आलं. लाल पत्ता विसरले होते तर सांभाळून घेतलं, गजांतून मणी त्यांच्या हातात ठेवला आणि म्हटलं, महाराज, नकार.

"कसला नकार? मूर्खा, वरात निघालीय, ओरछा गेटला न्यायच्या दोनशे खुर्च्या आत आहेत!"

काय तयारी करून आलेत, खुर्च्यांचा आकडासुद्धा बरोबर, असं मनात म्हणत मी भाला आडवा धरला. मग ते हिंदीत सुरू झाले. गधे कहीं के इथपासून पुढचं मी लिहीत नाही. राजपुत्राने टाळ्या वाजवल्या. मी नियमाने पाऊण तास टिकलो. ओरछा गेटला वऱ्हाड उभ्याने जेवलं. बुफे म्हणून खपलं असतं, पण नवरदेवाचे आजोबाही उभे होते.

"उद्यापासून येऊ नको," आबासाहेब म्हणाले.

आता खरं सांगतो. मला बरं वाटलं. मी पळालो नव्हतो, मला काढलं होतं. त्यात ईशानी मॅडम म्हणाल्या, आमच्याबरोबर चला, सामान चढवायला माणूस हवाय, पुढच्या महिन्यात जयपूर, मग उदयपूर. सकाळी पिशवी भरली, स्टेशनच्या वाटेला लागलो, आणि तिकिटाचे सुटे काढायला खिशात हात घातला तर पाचवा मणी हाताला लागला. भर रस्त्यात उभा राहिलो. एक रिक्षावाला शिव्या देऊन गेला. मग लक्ष्मी गेटला आमच्या दुकानावर गेलो आणि आबासाहेबांच्या टेबलावर मणी ठेवला. म्हटलं, तुम्ही काढलंत, मी नकार दिला.

ते मण्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग पिशवीकडे.

"गालिचे ओले आहेत," ते म्हणाले. "वाळत घाल."

त्या दिवसापासून मी गालिचे वाळत घालतोय.

तुझा,
अमित

ता. क. माझं कार्ड सोबत पाठवतोय. त्यावर लिहिलंय, 'स्वभाव: डटा रहने वाला', म्हणजे जागा न सोडणारा. ते द्वारपालाबद्दल आहे हे मला कळतं, पण दाजींना ते सांगायची गरज नाही. नुसतं भिंतीला लाव.

ता. क. दुसरा. पगार आज मिळाला. वरातीच्या उशिराचे नऊशे कापले, आणि पाकिटात तळाशी एक निळा मणी होता. तो मणी मी या कागदाला चिकटवलाय. माझं एकोणीस दिवस त्याच्याशिवाय भागेल. पण दाजी पुन्हा म्हणतील, लिही त्याला, बोलावून घे. तेव्हा हा त्यांच्या हातात ठेव आणि नाही म्हण. एका मण्यात पाऊण तास मिळतो, तेवढ्यात ते गिरणीवर निघून जातात.

पैसे मनस्वीच्या मोबाईलवर टाकलेत. रुपये दोन हजार शंभर.