जाऊबाईंचा गोळ्यांचा डबा

अहो जाऊबाई,

काल पुन्हा तुमच्या नवऱ्यानं एक गोळी तुमच्या डब्यात टाकली. सकाळची घेतली, दुपारची घेतली, आणि संध्याकाळची पाकिटातून कात्रीनं कापून डब्यात. मी दारातून बघितलं. वर म्हणतात काय, बरं वाटतंय आता, उरलेली पुढं कुणाच्या तरी उपयोगी पडेल. हे वाक्य कुणाचं, सांगा बघू? तुम्हाला जाऊन वर्ष झालं, तरी घरात औषध तुम्हीच वाटताय. म्हणून लिहायला बसले. कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या पडल्यात, पडू देत.

महेशला फोन केला. तुमचा लेक हिंजवडीत कंपनीची बस चालवतो, त्याला मान वर करायला फुरसत नाही. म्हणाला, काकी, तुम्हीच सांगा ना पप्पांना. मी सांगू? वारज्यातलं गिऱ्हाईक माझ्या तोंडाला भितं. मार्केट यार्डातले अडते मला बघून आवाज खाली घेतात. पण थोरल्या दिरापुढं पदर डोक्यावर आणि तोंड बंद, हे तुम्हीच शिकवलंत. भाऊजींना काय सांगायचं ते मी तुम्हाला सांगायचं, तुम्ही त्यांना. मग आता कुणाकडनं सांगू?

आणि तो डबा! बिस्किटांचा, पत्र्याचा. कुणाच्या तापातल्या उरल्या, कुणाच्या दाढेच्या उरल्या, सगळ्या त्यात. गल्लीत कुणाचं पोट बिघडलं की तुमच्याकडे. जुलाबाची पिवळी गोळी काढायचात, दोनच घे म्हणायचात, बरं वाटलं की थांब. हात मायेचा होता, मी नाही म्हणत नाही. माझ्या पोरीलाही तुम्हीच दिलीत, आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली म्हणून मी खूश.

मग तुमचंच पोट दुखायला लागलं. किती दिवस डब्यातून काढून खात होतात, देव जाणे. माझ्या दारावरनं रोज जायचात. एकदा तरी म्हणायचं होतं, मंगल, दुखतंय गं. मी काय खाल्लं असतं तुम्हाला? थंडी वाजून ताप भरला तेव्हा कुठं रिक्षात बसलात. आतडं फुटलेलं, पोटात पू, जंतू रक्तात उतरलेले. सिस्टर दुसऱ्यांदा रक्त घ्यायला आली तर हात पांघरुणात ओढून घेतलात, अंगात रक्त उरलंय कुठं म्हणून. पहिल्या रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा तुम्ही नव्हतात. जंतू नेहमीच्या औषधाला दाद देत नव्हता, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मला तेव्हा काही कळलं नाही, आणि कळून करणार काय होते?

आता चांगलं सांगते, ऐका.

गेल्या महिन्यात भाऊजींचं तसंच झालं. पोट दगडासारखं, अंग थडथडतंय. त्याच दवाखान्यात नेलं, त्याच बाई. त्यांनी विचारलं, आधी काय औषध घेतलं? भाऊजी म्हणाले, काही नाही. मी पदराआडून म्हटलं, डब्यातलं. आणि तुमचं काय झालं ते सगळं सांगितलं. बाई लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, हे जंतू आपल्या आतड्यातच राहतात, हवा नसते तिथं वाढतात, जागेवर आहेत तोवर त्रास नाही. गोळ्या कधीही, कशाही खाल्ल्या की मरायचे ते मरतात आणि चिवट तेवढे उरतात. एका घरात एकाचे दुसऱ्याकडे जातात. म्हणून त्यांनी रिपोर्टची वाट न बघता पहिल्या दिवसापासून वेगळं इंजेक्शन सुरू केलं. पण खात्रीला रक्त हवंच होतं, दोन बाटल्यांत. एकीत हवा, एकीत नाही, म्हणजे जो जिथं जगतो तिथं सापडेल.

सिस्टर आली, आणि भाऊजींनीही हात पांघरुणात घेतला! म्हणाले, शालन गेली ती रक्त काढून काढूनच. मला काय झालं कोण जाणे. पदर खाली आला होता, सावरलाच नाही. म्हटलं, "भाऊजी, जाऊबाईंनी हात दिला नव्हता. तुम्ही द्या."

इतक्या वर्षांत त्यांनी माझा आवाज एवढ्या जवळून ऐकला नसेल. मग हात बाहेर आला.

बिनहवेच्या बाटलीत जंतू सापडला. सावकाश वाढतो म्हणे, ऐदी मेला. पिवळी गोळी त्याच्यापुढं पाणी, पण बाईंनी सुरू केलेलं औषध लागू पडणारं निघालं. नळी घालून पू काढला, ताप उतरला. आता घरी आहेत. भाकरी मागतात, आमटीला मीठ नाही म्हणतात. जाऊबाई, तुमचं झालं ते बाईंना ठाऊक होतं म्हणून पहिल्याच दिवशी नीट औषध मिळालं. तुम्ही त्यांना वाचवलंत. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला नको?

पण गोळ्या अजून संपायच्यात. बाईंनी बजावलंय, बरं वाटलं तरी सांगितल्या दिवसापर्यंत घ्यायच्या. मधेच सोडल्या आणि दुखणं उलटलं, तर पुढच्या खेपेला द्यायला औषध राहीलच असं नाही. आणि भाऊजी बसलेत तुमचा डबा भरत! मी डबा उचलायला गेले तर म्हणाले, तो शालनचा आहे, तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

म्हणून विचारते. सोमवारी त्यांना तपासायला न्यायचंय. डबा मी सोबत नेणार आणि आतल्या गोळ्या बाईंच्या हवाली करणार. रिकामा डबा घासून पुसून तुमच्याच फळीवर ठेवीन, तो मोडीत जाणार नाही. आणि आजपासून भाऊजींची एकेक गोळी माझ्या डोळ्यांदेखत घशाखाली उतरेल, पदर असो नसो, हा माझा शब्द.

आता तुमचं सांगा. गप्प बसू नका. तुमचं गप्प बसणं म्हणजे नकार, हे मी चांगलं ओळखून आहे. स्वप्नात यायचं तर त्यांच्या या, मला पहाटे यार्डात जायचं असतं. आणि आलात तर डब्याबरोबर गोळ्यांचंही बजावा त्यांना, तुमचं ऐकतात. हो की नाही ते रविवारपर्यंत कळवा.

तुमची धाकटी जाऊ,
मंगल