खोकणाऱ्या गाडीला कोणतं तेल

२ सप्टेंबर, मंगळवार
आजपासून रोजनिशी. सुनयनाने, म्हणजे सुनेने, फोनमध्ये करून दिलंय. माइकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, फोन लिहितो. मला अक्षर येत नाही. त्यामुळे कुणी वाचेल ही भीती नाही.

विषय गाडीचा. गाडी आमच्या ह्यांची. नाव मी घेत नाही, आणि उखाणा ऐकायला आता बसलंय कोण? हे जन्मभर मसाला मार्केटात माथाडी, पाठीवर मिरचीची पोती. सातारा सोडला, खोकला धरला. रिटायर झाल्यावर सेकंडहॅण्ड गाडी घेतली, ती माझ्या नावावर, माझ्या अंगठ्याने. नंतर हे गेले. गाडी कोपरखैरण्यात आमच्या दारासमोर उभी आहे.

बॅटरी उतरू नये म्हणून मुलगा उदय रोज सकाळी सुरू करतो. गाडी दोनदा खोकते, दम घेते, मग चालू होते. डिट्टो ह्यांचा मिरचीचा खोकला. मी आतून म्हणते, 'हं, ठेवते चहा.' सवय आहे, बाकी काही नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही.

४ सप्टेंबर
उदयने तुर्भ्याहून फजल मेकॅनिकला आणलं. फजल म्हणाला, आजी, तेलाचं डांबर झालंय, वर चढत नाही, म्हणून खोकते. सिंथेटिक घाला, आवाज बंद. मी विचारलं, नाही घातलं तर? म्हणाला, मग एक दिवस इंजिन जाम, गाडी भंगारात.

उदय म्हणाला, त्यापेक्षा विकू. घणसोली गावातला एक जण मागतोय, दसऱ्याला न्यायला तयार आहे.

मी म्हटलं, गाडी माझी, तेल मी ठरवणार. या घरात मला विचारल्याशिवाय खोबरेल आलेलं नाही, इंजिनचं कसं येईल? उदय म्हणाला, ठरव. पण दसऱ्याच्या आत. नाहीतर घणसोली.

संकल्प: चांगलं आणि स्वस्त सिंथेटिक तेल उद्याच ठरवणे.

५ सप्टेंबर
नाही ठरलं. उद्या विसर्जन, घरात पाहुणे. गणपती बघावा की इंजिन?

७ सप्टेंबर, रविवार
सुनयनाला घेऊन तुर्भ्याच्या दुकानात. सगळे डबे सारखेच. शेंगदाण्याचं असतं तर वासावर सांगितलं असतं. डबा उघड म्हटलं तर दुकानदार तयार नाही. शेवटी फुटलेल्या डब्यातला थेंब बोटावर दिला. निव्वळ पाणी! तेलाने कसं बोट धरून बसलं पाहिजे. तो म्हणतो, आजी, पातळ आहे म्हणूनच पटकन वर चढतं.

डब्यावर दोन आकडे. एक म्हणे थंडीचा, एक गरमीचा. नवी मुंबईत थंडी कधी पडली? तिचे पैसे मी का भरू? मग त्याने अर्धं सिंथेटिक दाखवलं. कुठलं अर्धं, ते त्याला सांगता येईना.

सुनयना म्हणाली, आई, तुम्हाला स्वस्त हवं ना, हे घ्या. मी म्हटलं, इतकं स्वस्त? खोट असणार. तिने महागातलं दाखवलं. मी म्हटलं, उधळपट्टी. रिक्षात ती माझ्याशी बोलली नाही. मीही तेलाच्या विचारात होते.

८ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. नवीन वस्तू घेत नाहीत. माझा नाइलाज आहे.

१२ सप्टेंबर
दुपारी गाडीत मागच्या सीटवर बसते. वारं चांगलं लागतं. काचा बंद असतात, तरी लागतं. आत अजून मिरचीचा वास. ड्रायव्हरची सीट दबलेली. रिकामी सीट अशी दबून राहत नाही, पण स्पंज जुना असेल. शेजारच्या रशिदाने विचारलं, भाभी, कुणाशी बोलत होता? म्हटलं, फोनवर. फोन घरी होता.

१६ सप्टेंबर
सकाळी गाडी नेहमीपेक्षा जास्त खोकली. माझ्या तोंडून निघालं, 'पाणी प्या आधी.' उदयने चावी फिरवून गाडी बंद केली. मग हळूच म्हणाला, आई, इंजिन मरतंय गं.

दिवसभर हात गार पडलेत. बाहेर एवढं ऊन.

पक्का संकल्प: अमावास्या झाली की तेल. कुठलंही. मी काही हट्टी नाही.

२१ सप्टेंबर, रविवार
सर्वपित्री. वडे, खीर, अळू, भात. पान गच्चीत ठेवलं. कावळा आला, बघितलं, आणि खाली जाऊन बसला गाडीच्या बॉनेटवर. आम्ही पान उचलून बॉनेटवर. तरी शिवेना. अशा वेळी गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून शब्द द्यावा लागतो. उदय हात जोडून म्हणाला, आबा, सिगारेट सोडतो. कावळा ढिम्म. सुनयना म्हणाली, मामंजी, आईंना उलटून बोलणार नाही. कावळ्याने पाठ फिरवली. पक्ष्याला खोटं कळतं.

मग मी वाकले आणि बॉनेटशी तोंड नेऊन म्हटलं, 'तेल बदलू देत नाही. खोका तुम्ही.'

अख्खा वडा उचलला!

बॉनेटला हात लागला तर गरम. चावी उदयच्या खिशात. ऊन असेल.

सुनयनाने विचारलं, आई, काय कबूल केलंत? गल्ली सगळी बघत होती. काय सांगणार? म्हटलं, चांगलं तेल घालीन म्हणाले.

असं का निघालं तोंडातून, कळत नाही.

२२ सप्टेंबर
घट बसले. देवळात न जाणारा उदय सकाळीच फजलला घेऊन हजर. आबांना शब्द दिलाय म्हणाला, आता चालढकल नाही. फजलने परवडणारं पण पूर्ण सिंथेटिक आणलं होतं. मी म्हटलं, आज मंगळवार, लोखंडाला हात लावू नका. फजल म्हणाला, आजी, सोमवार आहे.

जुनं तेल खाली घमेल्यात सुटलं. काळंकुट्ट. मी म्हटलं, थोडं बाटलीत दे, दाराची बिजागरी कुरकुरते. बिजागरी कुरकुरत नाही हे सुनयनाला माहीत आहे. ती स्वतः जाऊन बाटली घेऊन आली.

नवं तेल घातलं. फजलने चावी फिरवली. मी वाट बघितली. शेवटी विचारलं, सुरू कर की रे. म्हणाला, आजी, चालूच आहे.

२५ सप्टेंबर
इंजिनला नव्या तेलाची सवय व्हायला वेळ लागत असेल. खोकेल.

२८ सप्टेंबर
मागच्या सीटवर बसले. आज वारं लागलं नाही. उकडलं. घरी येऊन पंख्याखाली बसले.

२ ऑक्टोबर, दसरा
गाडीला झेंडूचा हार. मी म्हटलं, उदय, देऊन टाक घणसोलीवाल्याला. तो हसायला लागला. म्हणाला, आता? लोण्यासारखी चालते! त्याला मी कालच नाही म्हणून कळवलं. आई, तू वाचवलीस गाडी.

गल्लीतले तिघेचौघे सल्ला घ्यायला आले, आजी, कुठलं तेल घालू? मी सांगितलं, बोट धरणार नाही ते घ्या.

६ ऑक्टोबर, सोमवार
उदय आजपासून गाडीने कामावर जायला लागला. मी सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसले होते. बसल्या बसल्या वाटाणे सोलले. वर बघितलं तर समोर जागा रिकामी.

तेल उत्तम निघालं. कधी गेली, कळलंसुद्धा नाही.