शिल्लक मिनिटं

२ फेब्रुवारी १९८३
आजपासून रोज लिहिणार. मार्चअखेर सलाउद्दीनभाई रिटायर. मग धरणावर हेड डायव्हर कोण? मीच. दुसरा आहे कोण? भिकन? त्याला पाणी बघूनच सर्दी होते.

४ फेब्रुवारी
भाईंचं लेक्चर. शुद्ध ऑक्सिजन लावून पंचवीस फुटांखाली जायचं नाही. ठरलेली मिनिटं झाली की वर. नाहीतर ऑक्सिजनच बाधतो, झटके येतात म्हणे. वा रे वा! मग दवाखान्यात पेशंटला काय ताक हुंगायला देतात? म्हातारा टरकलाय, दुसरं काय.

९ फेब्रुवारी
मंत्र्यांचा दौरा. दोन दिवस पाण्यात उतरलो नाही, म्हणजे तेवढी मिनिटं माझ्या खात्यात शिल्लक. भाईंना सांगितलं. ती काय अर्न्ड लीव्ह आहे का साठायला, म्हणे. सर्व्हिस रूल्स कधी उघडून बघितलेत का यांनी!

१० फेब्रुवारी, दुपारी
दरवाज्याच्या जाळीत ओंडके अडकलेत. सोमवारी साहेब येणार. त्यांच्यादेखत एका बुडीत जाळी साफ करणार. हेड डायव्हरची ऑर्डर पक्की.

१४ फेब्रुवारी, सकाळी
निघालो. चहासुद्धा घेतला नाही. बायकोला, लताला सांगितलं, संध्याकाळी पेढे.

१९ फेब्रुवारी, हॉस्पिटल
जाळी पंचवीस फुटांपेक्षा जरा खोल होती. गेलो खाली. भाईंनी दोर हलवून वर बोलावलं, मी भीक घातली नाही. तेवढ्यात उजवा डोळा लवायला लागला. पुरुषाचा उजवा डोळा! म्हटलं, ऑर्डर निघाली. मग ओठही लवायला लागला. ओठाचा शकुन काय ते आठवत होतो, पुढचं आठवत नाही. भाई आणि भिकनने दोराने ओढून काढलं. साहेबांच्या बुटांवर ओकलो म्हणतात. अफवा असणार.

झटका उपाशीपोटी गेल्यामुळे आला. डॉक्टर ऑक्सिजनला दोष देतात. भाईंनी पढवलेलं असणार. स्वतः रोज डबा घेऊन येतात. मला लाजवायचा डाव आहे. खिमा मात्र झकास होता.

२ एप्रिल
मला पाणी कायमचं बंद. भाईंना दोन वर्षं मुदतवाढ, तीही माझ्यामुळे! साधे आभार मानले नाहीत.

३ एप्रिल, रविवार
डॉक्टरांनी लताला बजावलंय, ह्यांना पाण्याजवळ एकटं सोडायचं नाही. अंघोळीला कडी लावायची बंदी. ती दाराबाहेर बसून हाका मारते. आज तोंडाला साबण होता, ओ द्यायला उशीर झाला. लता दार ढकलून आत आली, मागोमाग शेजारच्या पुतळाबाई. दोघींनी काखांत हात घालून मला बादलीपासून लांब ओढलं.