एका टेबलावरचे दोन देश

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी चारच अंगं गोड मानून घ्यावीत.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीने तुमचं गोड बंद केल्याचं आईकडून कळलं. वाईट वाटलं, पण मामीपुढे कुणाचं काय चालणार. सोबत माझा बदलीचा अर्ज जोडला आहे. आमचे संचालक तुमच्या हाताखाली तयार झालेले. तुम्ही शब्द टाकलात तर नोकरीची उरलेली दोन वर्षं आपल्या गावी काढीन. इथे आता निभत नाही.

आपला आणि शेजारच्या देशाचा करार झाल्याचं तुम्ही पेपरात वाचलंच असेल. धोरणात्मक भागीदारी, सामाईक बाजारपेठ, वगैरे. फोटोत दोन्ही मंत्री हसताहेत. ती भागीदारी प्रत्यक्षात म्हणजे मी आणि पलीकडचे कस्टमचे साहेब. पूर्वी नाक्याच्या अलीकडे माझं ऑफिस, पलीकडे त्यांचं. ट्रक दोन दिवसांत सुटायचा. आता एकच खोली, एकच टेबल आणि ट्रकला पाच दिवस. टेबलाच्या मधोमध पिवळी रेघ आहे. पंखा त्यांच्या हद्दीत, बटण माझ्या. (पंखा दुरुस्त कुणी करायचा हे संयुक्त समिती ठरवणार आहे. समिती थंडीत बसते.) करारात कलम आहे की कुठल्याही देशाचा शिक्का आधी उमटू नये. म्हणून आम्ही दोघं शिक्के उचलतो, एक-दोन-तीन म्हणतो आणि एकदम मारतो. पन्नाशी उलटलेली दोन माणसं, दिवसाला दीडशे वेळा. जरा मागेपुढे झालं की कागद रद्द.

त्यात साहेब शंकेखोर. ट्रकच्या नंबरातला शून्य बारीक आहे, म्हणून अर्धा दिवस. परवा कच्च्या केळ्यांचा ट्रक आमच्या सहकार्यात इतका रखडला की कागदावर कच्ची आणि ट्रकात पिकलेली. पिकलेल्यांची यादी वेगळी, फॉर्म वेगळा. नवा फॉर्म येईपर्यंत केळी दोन्ही याद्यांत बसेनात. ड्रायव्हर नुसता आमच्याकडे बघत उभा राहिला. त्याच दुपारी मी अर्ज लिहिला.

या खोलीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर दोघांचे शिक्के लागतात, म्हणून अर्जही त्यांच्यापुढे ठेवावा लागला. एकाची बदली झाली की समतोलासाठी दुसऱ्याचीही होते, तेव्हा त्यांचंही भलंच होणार होतं. (मी स्वार्थी आहे असं मामी म्हणते, तिला हे वाचून दाखवा.) त्यांनी दोनदा वाचला. शंका नाही, प्रश्न नाही. एक-दोन-तीन, आणि शिक्के असे एकदम पडले की माझ्या मनाला लागलंच. अकरा महिने समोरासमोर बसलो, निदान खोटं तरी अडवायचं.

मामीला नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

ता. क. – खोली झाडणाऱ्या मावशींकडून आत्ताच कळलं की साहेबांच्या मंडळींना आठवड्यातून तीनदा आपल्याकडच्या हॉस्पिटलात डायलिसिसला आणतात. त्यांच्या बाजूला जवळपास मशीन नाही. नाका ओलांडायचा पास या टेबलावर बसणाऱ्याच्या कुटुंबालाच मिळतो. साहेब हलले की पास गेला. मी त्यांना विचारलं, बोलला का नाहीत? म्हणाले, “अर्ज तुमचा होता. त्यात चूक काही नव्हती.” मामा, मला फार लाज वाटली.

आणखी एक. अर्ज काढून घेणार होतो, पण पाकिटात दोन कागद अशी नोंद होऊन शिक्के पडलेत. एक कमी करायचा तर समितीकडे जावं लागेल. तेव्हा तो तिकडेच फाडा. आणि संचालकांकडे जाच. मला निवृत्तीपर्यंत इथून हलवू नये, एवढा शब्द टाका. माझ्या बायकोला काय सांगायचं ते मात्र तुम्हीच सुचवा, ती सामान आवरायला लागली आहे.