ट्रॅक्टरचं कडवं

बॉस्टन, गुरुवार

प्रिय नेक्तार आत्या,

तू माझा फोन उचलत नाहीस, ते बरंच करतेस. बोलता बोलता मी पुन्हा हसण्यावारी नेलं असतं. रविवारपासून आरशात बघायची लाज वाटते.

फ्रेस्नोच्या आपल्या आर्मेनियन चर्चच्या हॉलमध्ये मी व्हायोलिनसाठी बसवलेली ‘खारपेर्तची अंगाई’ वाजली आणि अख्खा हॉल रडला. पणजीनं तुर्कस्तानातल्या जळत्या खारपेर्त गावातून पोरांबरोबर हे गाणंही वाचवून आणलं, असं मी आधीच भाषणात ठोकून दिलं होतं. मग काय, कॉफीच्या वेळी रांगच लागली. “अरे, हेच गाणं आमची आजी म्हणायची!” जी ती तेच सांगत होती. आपल्या माणसांना हरवलेलं काहीही दाखव, ते त्यांच्याच घरचं निघतं. तेवढ्यात पाकलावा मिठाईची ताटली घेऊन तू आलीस. “कुठलं खारपेर्त, मेल्या? तुला दात येत होते, भोकाड पसरायचास. इथेच द्राक्षांच्या मळ्यात रचलं मी ते, तुला गप्प करायला!” आणि मी, तुझा लाडका भाचा, तुझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणालो, “वय झालंय. हल्ली आत्याची गल्लत होते.”

लोक मायेनं हसले. एरवी तू माझा कॉफीचा कप बशीवर पालथा घालतेस, गाळात भविष्य बघून माझं लग्न कसं हुकणार ते चवीनं सांगतेस. त्या दिवशी तू कप उचललास आणि गाळात न बघताच धुऊन टाकलास.

गल्लत तुझी नव्हती, आत्या. माझीही नव्हती. ‘ट्रॅक्टर निजला, मनुका निजल्या’ हे कडवं मला पाठ आहे. पणजीच्या गावात तेव्हा ट्रॅक्टर कुठला? म्हणून मी सगळे शब्दच काढून टाकले आणि नुसती व्हायोलिनं ठेवली. जळून वाचलेल्या गाण्यासाठी लोक उभे राहतात, मनुका वाळवणाऱ्या बाईच्या गाण्यासाठी कोण राहणार, असं वाटलं मला.

काल आपल्या चर्चमधल्या सेताचा फोन आला. ईस्टरच्या पावांचं पीठ मळायचं काम बायकांनी तुझ्याकडून काढून घेतलं म्हणे. “बिचारीची गल्लत होते, मीठ-साखर एक करेल.” माझंच वाक्य! म्हणून लिहितोय. या रविवारी मी येतोय. त्याच हॉलमध्ये, कॉफीच्या आधी उभा राहून सगळं सांगणार आहे. मग माझ्या बेसूर गळ्यानं ते कडवं म्हणेन, ट्रॅक्टरसकट. मी चुकेनच. तू बसल्या जागेवरून मोठ्यानं सुधार, म्हणजे गाणं कुणाचं ते सगळ्यांना कळेल.

तुझाच, दात आलेला,
झारेह