तुझा वॉर्ड सोडून

ता. ३ फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत; नसतो तरी मला ड्यूटीवर जावंच लागलं असतं.

फोनवर बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून लिहायला बसले. काल राऊंडला मोठ्या डॉक्टरीणबाईंनी अख्ख्या वॉर्डसमोर विचारलं, की सिस्टर, तुमची लेक बाळंतपणासाठी दुसरा दवाखाना बघतेय म्हणे, आमचं काही चुकलं का? अगं, सातवा संपत आला, इथे नाव नोंदवलेलं, आणि तू परस्पर फोन करून मोकळी? मला हे बाहेरून कळावं? निम्म्या गावाची पोरं माझ्या हातांवर जन्मली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

गेल्या वेळचं तुझ्या मनात असणार. दुधाने तोंड पोळलंय, कळतं मला. पण बाळाचे ठोके पोटातच थांबले होते. कुठेही गेलो असतो तरी तेच झालं असतं. तुझा माझ्यावर राग असेल तर सरळ लिही. जावईबापूंना मध्ये घालू नकोस, ते बिचारे दोन्हीकडून मार खातात.

पायांवर सूज आहे का ते कळव. लोभ आहेच, रागावले म्हणून कमी होत नाही.

तुझी आई

ता. ११ फेब्रुवारी

ती. आईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. हे म्हणाले, आईंना आधी सांगायला हवं होतं. बरोबर आहे त्यांचं. मला धीर झाला नाही.

चुकलं कुणाचंच नाही, तुझं तर नाहीच. पण त्या दिवशी ठोके लागेनात, तेव्हा तू माझा हात सोडून पडद्यापलीकडे गेलीस. परत आलीस ती ग्लोव्ह्ज घालून, आणि मला म्हणालीस, की आता शांत पडून राहायचं, बाई. बाई! वॉर्डातल्या सगळ्यांना म्हणतेस तसं. मग तूच सगळं आवरलंस, सलाइन बदललंस, एकदाही रडली नाहीस. मला कुणाच्या तरी गळ्यात पडून भोकाड पसरायचं होतं, आणि माझी आई कामावर होती.

म्हणून हा दवाखाना. भिंतींचा रंग बघवत नाही, पण डॉक्टर नीट समजावून सांगतात, आणि अडलंच तर ऑपरेशनची सोय आहे; तू विचारशीलच. इथे तुला कुणी ओळखत नाही. आत सोडतील ते माझी आई म्हणून. येशील ना? तू नसलीस तर मी कुठेही गेले तरी एकटीच.

आणखी एक. तेव्हा सगळे म्हणाले, बाळाला बघू नकोस, त्रास होईल, आणि मी ऐकलं. कशी दिसत होती गं ती? तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

सूज नाही. बाबांना नमस्कार. माझ्यावर नाही तर पोटातल्यावर तरी माया असू दे.

तुझी भिंगरी

ता. १९ फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, पोटातल्यालाही. तुझं पत्र ड्रेसिंगच्या खोलीत वाचलं आणि तिथेच हमसून हमसून रडले. धाकटी नर्स घाबरून पाणी घेऊन आली. मला रडता येतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी हाताला काम लावलं नसतं तर मी उभी राहिले नसते, बाळा. तू एकटी पडलीस हे मला दिसलंच नाही.

रजा टाकली आहे. मोठ्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, की तुमचं काही चुकलं नाही, माझ्या लेकीला आई हवी आहे. त्यांनी तिथेच सही केली. तिकडे मी तोंडाला कुलूप लावीन. सलाइन हळू चाललं तरी बोलणार नाही. बरं, एकदाच बोलेन.

आता तू विचारलंस ते. ती तुझ्यासारखी सावळी होती. जावळ इतकं दाट, की ओलं असूनही उभं राहत होतं. वरचा ओठ तुझा. डाव्या कानाची पाळी बाबांसारखी दुमडलेली. मी तिला कोमट पाण्याने पुसलं, पुसताना तिच्याशी बोलले, आणि मऊ फडक्यात गुंडाळलं. मग ट्रेमध्ये ठेवायचा नियम आहे. मी ठेवलं नाही. न्यायला येईपर्यंत तिला मांडीवर घेऊन बसले होते, आणि तेवढा वेळ मी कुणाची सिस्टर नव्हते गं, तिची आजी होते.

माया पत्रातून किती पाठवू, घेऊनच येते.

तुझी आई